विमानतळ उंबरठ्यावर आला. विमानमार्ग येणार का?

नवी मुंबईचा विमानतळ अखेर सुरू झाला. १९९७ मध्ये पहिल्यांदा विचारात आलेला हा प्रकल्प ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटनापर्यंत पोहोचला आणि २५ डिसेंबर २०२५ रोजी तेथून नियमित प्रवासी विमाने उडू लागली. उलवे-पनवेल परिसरातील ११६० हेक्टर जागेवरचा हा विमानतळ कर्जत शहरापासून सरळ रेषेत तीस किलोमीटरच्या आत आहे. माथेरान, प्रबळगड आणि इर्शाळगड यांचे डोंगर मध्ये उभे नसते, तर कर्जत-खालापूरचे रहिवासी स्वतःला विमानतळाचे शेजारीच म्हणवून घेते.

तसे ते म्हणवून घेऊही लागले आहेत. कर्जत, नेरळ, चौक, खालापूर, खोपोली या पट्ट्यातील जमिनीच्या जाहिरातींत विमानतळाचा उल्लेख आता अपरिहार्य झाला आहे. मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय येथे भूखंड, बंगला किंवा सदनिका घेतो तो विमानतळाच्या भरवशावर. आणि पिढ्यान्‌पिढ्या भात पिकविणारा शेतकरी जमीन विकायची की राखायची, याचा निर्णय घेतो तोही त्याच भरवशावर. हा भरवसा कितपत खरा आहे, हे तपासायचे असेल तर विमानतळाच्या इमारतीकडे पाहून चालणार नाही. तेथून कोणते विमानमार्ग सुरू होतात, कोणत्या वेळी होतात आणि तेथवर प्रवासी कसा पोहोचतो, या तीन गोष्टींकडे पाहावे लागेल. विमानतळ उभारणे सरकारच्या आणि कंत्राटदाराच्या हाती असते. वाहतूक मात्र हुकमाने येत नाही. जगात अनेक शहरांनी हा धडा महागात शिकला आहे आणि त्यातील सर्वांत महागडा धडा कॅनडाचा आहे.

मुंबईची कोंडी

दुसऱ्या विमानतळाची गरज का भासली, हे आधी समजून घेतले पाहिजे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. एवढ्या भांडवलावर या विमानतळाने २०२४-२५ या आर्थिक वर्षात साडेपाच कोटींच्या आसपास प्रवाशांची ने-आण केली. तुलनेसाठी कॅनडातील सर्वांत गजबजलेल्या टोरांटोच्या पिअर्सन विमानतळाचे उदाहरण घेता येईल. त्याला पाच धावपट्ट्या आहेत आणि २०२४ मध्ये तेथून गेलेल्या-आलेल्या प्रवाशांची संख्या पावणेपाच कोटींच्या आतच होती.

मुंबईने हा विक्रम कौशल्याने केला असला, तरी त्याची किंमत प्रवासी मोजत आले आहेत. धावपट्टी मोकळी होईपर्यंत आकाशात घिरट्या घालणारी विमाने, त्यात जळणारे इंधन आणि एका विमानाला उशीर झाला की दिवसभर लांबत जाणारे वेळापत्रक, हे मुंबईकर प्रवाशाच्या अंगवळणी पडले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने तर येथील उड्डाणे कमी करण्याचाच आदेश दिला. गर्दीच्या वेळात तासाला ४६ ऐवजी ४४ आणि इतर वेळी ४४ ऐवजी ४२ विमानांचीच ये-जा व्हावी, असे ठरले. मागणी वाढत असताना पुरवठा घटविण्याची वेळ यावी, यातच मुंबईची कोंडी स्पष्ट होते. चहूबाजूंनी वस्ती असल्याने तेथे समांतर धावपट्टी बांधणे शक्य नाही.

नवी मुंबईत नेमके हेच शक्य होते. तेथील आराखड्यात ३७०० मीटर लांबीच्या दोन समांतर धावपट्ट्या असून त्यांच्यातील अंतर १५५० मीटर आहे. एवढे अंतर असले की दोन्हींवर एकाच वेळी, एकमेकींवर अवलंबून न राहता विमाने उतरविता येतात. अर्थात पहिल्या टप्प्यात एकच धावपट्टी आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता आहे. सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ही क्षमता नऊ कोटींवर जाणे अपेक्षित आहे. जाहिरातींत दिसतो तो हा नऊ कोटींचा आकडा. मात्र तो क्षमतेचा आकडा आहे, प्रवाशांचा नव्हे. या दोहोंतील फरक ज्याला कळला, त्याला या विषयातील निम्मे कळले.

वाटणीचे गणित

एका शहराला दोन विमानतळ मिळाले की वाहतूक दोहोंत कशी वाटली जाते? बंगळुरू आणि हैदराबाद येथे हा प्रश्नच आला नाही. २००८ मध्ये तेथील नवे विमानतळ सुरू होताच जुन्या विमानतळांवरील नियमित प्रवासी सेवा बंद करण्यात आली. प्रवासी आणि विमान कंपन्या दोघांनाही पर्याय उरला नाही. मुंबईत तसे होणार नाही, कारण जुना विमानतळ बंद केला तर त्याचा भार पेलण्याची ताकद नव्याच्या पहिल्या टप्प्यात नाही. येथे दोन्ही विमानतळ दीर्घकाळ शेजारी-शेजारी चालणार आहेत.

अशा स्थितीत विमान कंपन्यांचा ओढा जुन्याकडेच राहतो, आणि त्यामागे ठोस कारण आहे. विमानाला उतरण्यासाठी व उडण्यासाठी नेमून दिलेल्या वेळेला 'स्लॉट' म्हणतात. गर्दीच्या विमानतळावर कंपनीने हंगामभर आपला स्लॉट किमान ८० टक्के वेळा वापरला, तर पुढील हंगामात त्याच वेळेवर तिचा पहिला हक्क राहतो; अन्यथा तो दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतो. मुंबईतील सकाळचा किंवा संध्याकाळचा स्लॉट हा विमान कंपनीच्या दृष्टीने दक्षिण मुंबईतील जागेसारखा असतो. सोडला तर पुन्हा मिळण्याची खात्री नाही. त्यामुळे चालू असलेली उड्डाणे सहसा हलत नाहीत. नव्या विमानतळावर प्रथम येतात ती नवी, वाढीव उड्डाणे.

दुसरे कारण जोडप्रवासाचे आहे. नागपूरहून किंवा औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) येऊन मुंबईत विमान बदलून परदेशी जाणारा प्रवासी एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावर जाण्याची दगदग करीत नाही. तो दिल्लीमार्गे किंवा थेट आखाती देशांतून जातो. म्हणजे देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय मार्ग दोन ठिकाणी विभागले, तर दोन्ही दुबळे होण्याचा धोका असतो. हा धोका किती खरा आहे, ते मॉंट्रियल शहराने पाहिले.

मिराबेलचा धडा

साठच्या दशकाच्या अखेरीस मॉंट्रियल हे कॅनडाचे प्रमुख विमानद्वार होते. युरोपातून येणाऱ्या परदेशी विमानांना तेथे उतरणे भाग होते. डोरव्हल येथील जुना विमानतळ लवकरच अपुरा पडेल, असा अंदाज बांधून केंद्र सरकारने शहरापासून सुमारे ५५ किलोमीटरवरील मिराबेल येथे तब्बल ९७ हजार एकर जमीन सक्तीने संपादित केली. नवी मुंबई विमानतळाच्या जागेच्या ही तीसपटीहून अधिक होते. हजारो शेतकरी कुटुंबे विस्थापित झाली आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये, त्या काळी क्षेत्रफळाने जगातील सर्वांत मोठा ठरलेला विमानतळ सुरू झाला.

मग चूक कुठे झाली? पहिली चूक वाटणीत झाली. दूरची आंतरराष्ट्रीय उड्डाणे मिराबेलला सक्तीने हलविली गेली. देशांतर्गत आणि अमेरिकेची उड्डाणे मात्र डोरव्हललाच राहिली. विमान बदलणाऱ्या प्रवाशाला एका विमानतळावरून दुसऱ्यावर तासभर रस्त्याने जावे लागे. त्याने साहजिकच टोरांटोचा मार्ग धरला, जेथे सर्व विमाने एका छताखाली मिळत. दुसरी चूक रस्ता आणि रेल्वेची होती. मिराबेलला शहराशी जोडणारी जलद रेल्वे कागदावरच राहिली आणि नियोजित महामार्गांपैकी एक तेथवर कधी पोहोचलाच नाही. तिसरी गोष्ट काळाची होती. लांब पल्ल्याची विमाने आल्यावर युरोपातून थेट टोरांटोला जाता येऊ लागले आणि मॉंट्रियलला थांबण्याची गरजच उरली नाही.

मिराबेलची वार्षिक प्रवासीसंख्या तीस लाखांपलीकडे फारशी कधी गेली नाही. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणे पुन्हा जुन्या डोरव्हलला परतली. ३१ ऑक्टोबर २००४ रोजी मिराबेलवरील अखेरचे प्रवासी विमान गेले आणि पुढे दहा वर्षांनी ती प्रचंड इमारत पाडण्यास सुरुवात झाली. आज तेथे मालवाहतूक होते आणि विमानबांधणीचे कारखाने चालतात. संपादित जमिनीपैकी मोठा भाग ऐंशीच्या दशकात सरकारने शेतकऱ्यांना परत दिला. परंतु मोडलेली शेते आणि विखुरलेली गावे तशीच्या तशी परत मिळत नाहीत.

टोरांटोचीही अशीच एक कथा आहे. तेथे १९७२ मध्ये पिकरिंग येथे दुसऱ्या विमानतळासाठी सुमारे १८,६०० एकर जमीन घेतली गेली. विमानतळ झालाच नाही. अर्धशतकाहून अधिक काळ लोंबकळलेला तो प्रकल्प जानेवारी २०२५ मध्ये कॅनडा सरकारने अधिकृतपणे गुंडाळला. दरम्यान, त्याच टोरांटोत शहराच्या कडेला असलेल्या बेटावरील छोट्या विमानतळाने २००६ नंतर जवळच्या शहरांच्या उड्डाणांवर उत्तम बस्तान बसविले. पिकरिंगचे काम बऱ्याच अंशी पिअर्सनच्या विस्ताराने आणि या छोट्या विमानतळाने केले.

कॅनडाच्या या अनुभवांचे सार असे, की दुसरा विमानतळ तगतो तो त्याच्या वाट्याला स्वतःचा, पूर्ण आणि वेगळा प्रवासी आला तर. अर्धा मार्ग इथे आणि अर्धा तिथे, अशी विभागणी झाली की दोहोंचे नुकसान होते.

मोपा आणि चिपी

हा धडा समजण्यासाठी कॅनडापर्यंत जाण्याचीही गरज नाही. गोव्यात ५ जानेवारी २०२३ पासून मोपा येथील विमानतळ सुरू झाला आणि दाबोळीचाही चालू राहिला. दाबोळी नौदलाच्या ताब्यातील तळावर असल्याने तेथे नागरी विमानांच्या वेळांवर मर्यादा आहेत. मोपाला ती अडचण नसल्याने काही परदेशी कंपन्यांसह अनेक उड्डाणे तिकडे वळली. उत्तर गोव्यातील पर्यटकाला मोपा सोयीचा ठरला, तर दक्षिण गोव्यातील हॉटेलचालक आणि टॅक्सीवाले दाबोळीच्या भवितव्याबद्दल चिंतेत पडले.

या दोघांच्या शेजारी सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले तेव्हा कोकणच्या विकासाची मोठी स्वप्ने रंगविली गेली होती. तेथील मुंबईची सेवा 'उडान' योजनेच्या अनुदानावर चालत होती. या योजनेत तोटा भरून देण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपताच, ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सेवा थांबली. विमानतळ जागच्या जागी होता, धावपट्टी सुस्थितीत होती. नव्हता तो मार्ग. चिपीच्या भरवशावर जमीन घेतलेल्यांना विमानतळ आणि विमानसेवा यांतील फरक तेव्हा समजला.

नवी मुंबईची तुलना चिपीशी किंवा मिराबेलशी सरसकट करणे अर्थातच योग्य नाही. मुंबईत मागणी तुंबलेली आहे. मॉंट्रियलला ती फक्त अंदाजात होती. शिवाय मुंबईचे दोन्ही विमानतळ आज एकाच उद्योगसमूहाच्या व्यवस्थापनाखाली आहेत. त्यामुळे दोहोंत मारक स्पर्धा होण्याऐवजी समन्वय होऊ शकतो. तथापि वाहतूक किती वेगाने येईल आणि ती कर्जत-खालापूरच्या उपयोगी कितपत पडेल, हे प्रश्न खुलेच राहतात. सुरुवातीच्या दिवसांत येथून सकाळी ८ ते रात्री ८ एवढ्याच वेळेत विमाने ये-जा करीत होती आणि ती सर्व देशांतर्गत होती, हे विसरता येणार नाही.

खोपोलीने हे पाहिले आहे

मार्ग बदलला की गावाचे नशीब बदलते, हे या परिसराला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. १८५६ मध्ये मुंबईहून निघालेली आगगाडी खोपोलीपर्यंत आली. पुढे घाट होता. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा खोपोलीला उतरायचे, पालखीतून किंवा मिळेल त्या साधनाने घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायची, असा पुण्याचा प्रवास होता. त्या काही वर्षांत मुंबई-पुणे मार्गावरील सर्वांत महत्त्वाचा थांबा खोपोली होता.

१८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला आणि तो गेला कर्जतवरून. घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिन लावण्याचे काम कर्जतला होऊ लागले. त्यामुळे प्रत्येक गाडी तेथे थांबू लागली आणि गाव वाढले. खोपोली मात्र एका फाट्याचे अखेरचे स्थानक बनून राहिली. पुढे टाटांच्या जलविद्युत केंद्राने आणि कारखान्यांनी तिला वेगळे जीवन दिले, ही गोष्ट निराळी. पुण्याचा प्रवासी मात्र तिच्या हातून गेला तो गेलाच. शतकभराने द्रुतगती महामार्ग झाला, तेव्हा जुन्या महामार्गावरील ढाबे, हॉटेले आणि गॅरेजवाल्यांनी हाच अनुभव पुन्हा घेतला. वाहने वाढली, पण ती थांबेनाशी झाली. गावाजवळून वाहतूक जाणे वेगळे आणि गावाला वाहतूक लाभणे वेगळे.

खरी किल्ली लोहमार्गाची

याच कसोटीवर विमानतळाकडे पाहिले, तर कर्जत-खालापूरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम विमानतळाच्या कुंपणाबाहेर चालले आहे. ते म्हणजे पनवेल-कर्जत उपनगरी लोहमार्ग. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातील हा २९.६ किलोमीटरचा मार्ग पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत या पाच स्थानकांना जोडतो. त्यावरील तीन बोगद्यांपैकी वावर्ले येथील बोगदा २६२५ मीटर लांबीचा आहे. म्हणजे ठाण्याजवळच्या प्रसिद्ध पारसिक बोगद्याच्या जवळपास दुप्पट. पनवेल-कर्जत दरम्यान एकेरी मार्ग पूर्वीपासून असला, तरी तो मुख्यतः मालगाड्या व लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी होता. लोकल गाडी त्यावर धावत नव्हती. नव्या मार्गासाठी ठेवलेले डिसेंबर २०२५ चे उद्दिष्ट मात्र साधले गेले नाही आणि विमानतळ लोकलच्या आधी सुरू झाला.

कर्जतहून मुंबईचा जुना विमानतळ गाठायचा तर कल्याणमार्गे दीड-दोन तास लोकलने जाऊन पुढे रिक्षा-टॅक्सी करावी लागते. नव्या विमानतळासाठी माथेरानच्या डोंगराला दक्षिणेकडून वळसा घालून पनवेल गाठता आले, तर अंतर आणि वेळ दोन्ही निम्म्यावर येऊ शकतात. मात्र पनवेल स्थानक म्हणजे विमानतळ नव्हे. तेथून पुढे बस किंवा टॅक्सी, अथवा बेलापूरकडे जाऊन उरण मार्गावरील तरघरला उतरणे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. सामान घेऊन, मुलाबाळांसह निघालेले कुटुंब तीनदा गाडी बदलत नाही. ते सरळ टॅक्सी करते. म्हणून लोकल सुरू होण्याइतकेच, पनवेलहून विमानतळाकडे दर काही मिनिटांनी सुटणारी भरवशाची बससेवा असणे महत्त्वाचे आहे. तिचा खर्च लोहमार्गाच्या तुलनेत नगण्य आहे आणि उपयोग मोठा.

येथे आणखी एक मुद्दा येतो तो रोजगाराचा. विमानतळाचा खरा लाभ विमानात बसणाऱ्यापेक्षा विमानतळावर काम करणाऱ्याला अधिक असतो. सामान हाताळणी, सफाई, सुरक्षा, खानपान, मालाचे गोदाम, वाहनदुरुस्ती अशा अनेक कामांसाठी मोठे मनुष्यबळ लागते आणि ते तीन पाळ्यांत लागते. पहाटे चार वाजता सुरू होणाऱ्या पाळीला कर्जत किंवा चौक येथील तरुण पोहोचू शकला, तरच ती नोकरी त्याची. पहिली लोकल किती वाजता सुटते आणि शेवटची किती वाजता येते, यावर या तालुक्यांतील कित्येक घरांचे उत्पन्न ठरणार आहे. गाड्यांचे वेळापत्रक आखताना विमानतळाच्या पाळ्या डोळ्यांसमोर ठेवण्याची मागणी लोकप्रतिनिधींनी आतापासूनच लावून धरायला हवी.

पुण्याचा प्रवासी

खालापूरचे स्थान यात विशेष आहे. द्रुतगती महामार्ग या तालुक्यातून जातो आणि पुण्याहून नवी मुंबई विमानतळाकडे जाणारे प्रत्येक वाहन खालापूरच्या टोलनाक्यावरून पुढे सरकते. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे. तेथे धावपट्टीची लांबी, लष्करी सरावाच्या वेळा आणि मोठ्या विमानांना असलेल्या मर्यादा यांमुळे दूरच्या परदेशी मार्गांना वाव नाही. तरीही तेथील वार्षिक प्रवासीसंख्येने २०२४-२५ मध्ये एक कोटीचा टप्पा ओलांडला. पुरंदर येथील नियोजित विमानतळाला अजून अवकाश आहे. तोवर अमेरिका, युरोप किंवा कॅनडात मुले असलेले पुण्यातील आईवडील पूर्वीप्रमाणेच मुंबईची वाट धरणार. नवी मुंबईहून दूरची आंतरराष्ट्रीय उड्डाणे पुरेशी झाली, तर शहरातील तासा-दीड तासाची कोंडी टाळून ते पनवेलजवळच थांबतील.

मिराबेलला जो 'स्वतःचा, वेगळा' प्रवासी लाभला नाही, तो नवी मुंबईला पुणे, पिंपरी-चिंचवड, पनवेल आणि रायगडच्या रूपाने लाभू शकतो. पण त्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्ग तेथे यायला हवेत, आणि त्यांच्या जोडीने देशांतर्गत मार्गही हवेत. तसे झाले तर खालापूरच्या परिसरात हॉटेले, वाहनतळ, गोदामे यांना अर्थ आहे. शीतगृहे झाली, तर कर्जतकडची भाजी आणि फुले हवाईमार्गे बाहेर जाण्याचाही विचार करता येईल. तसे न झाल्यास द्रुतगती मार्गावरची वाढलेली गर्दी आणि घाटातील कोंडी एवढेच तालुक्याच्या वाट्याला येईल.

जमिनीचा प्रश्न

शेवटी मुद्दा जमिनीचा. विमानतळाच्या आसपास बेशिस्त वाढ होऊ नये, म्हणून राज्य सरकारने जानेवारी २०१३ मध्ये 'नैना' हे प्रभावक्षेत्र अधिसूचित केले आणि त्याचे नियोजन सिडकोकडे सोपविले. प्रारंभी त्यात २७० गावे होती व त्यांत पनवेल, उरण, पेण यांच्याबरोबर कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील गावांचाही समावेश होता. पुढे गावांची संख्या घटली आणि काही भाग इतर प्राधिकरणांकडे गेला. नगररचना योजनेत जमीनमालकाने आपल्या जमिनीचा ६० टक्के हिस्सा रस्ते व सुविधांसाठी द्यावा आणि ४० टक्के विकसित भूखंड परत घ्यावा, असे सूत्र आहे. परंतु विकसित भूखंडाची किंमत रस्ता, पाणी आणि गटारे प्रत्यक्ष झाल्यावरच येते. येथेच शेतकऱ्याचा विश्वास डळमळतो.

भूखंड घेणाऱ्यानेही काही गोष्टी पारखून घेणे आवश्यक आहे. आपले गाव कोणत्या प्राधिकरणाखाली आहे, हे पाहिल्याशिवाय बांधकामाची परवानगी कोणाकडून घ्यायची तेच कळत नाही. विमानतळापासून २० किलोमीटरच्या परिघात इमारतीच्या उंचीला भारतीय विमानतळ प्राधिकरणाची अट लागू होते. खालापूर तालुक्याची पश्चिम कड या परिघात येते. माथेरान आणि भोवतालचा परिसर फेब्रुवारी २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे तेथे बांधकामावर कडक बंधने आहेत. आणि डोंगर पोखरून वाटा काढण्याचा मोह कितीही झाला, तरी १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळून गेलेले बळी विसरता येणार नाहीत. येथील डोंगरउतार पावसाळ्यात किती धोकादायक होऊ शकतात, हे त्या रात्रीने दाखवून दिले आहे.

कशाकडे पाहावे?

विमान कंपन्यांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते. मार्चच्या अखेरीस उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या अखेरीस हिवाळी. कर्जत-खालापूरमध्ये ज्यांचे काही गुंतले आहे, त्यांनी भूखंडाच्या जाहिरातींपेक्षा ही दोन वेळापत्रके वाचणे अधिक हिताचे. नवी मुंबईहून आठवड्यातून किती उड्डाणे होतात, त्यांत आंतरराष्ट्रीय किती, पहाटे व रात्री किती, मोठ्या विमानांचे मार्ग किती आणि मागील हंगामात सुरू झालेला एखादा मार्ग या हंगामात बंद तर पडला नाही ना, या पाच प्रश्नांची उत्तरे विमानतळाचे खरे आरोग्य सांगतात. त्याच्या जोडीला पनवेल-कर्जत लोकलच्या फेऱ्या आणि पनवेल ते विमानतळ बसची संख्या पाहावी. हे आकडे हंगामागून हंगाम वाढत गेले, तर जमिनीचा वाढलेला भाव खरा. ते खुंटले आणि भाव तेवढा वाढत राहिला, तर तो भाव विमानतळाचा नसून अफवेचा आहे, असे समजावे.

विमानतळाच्या उभारणीसाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला आणि दहा गावे उठली. तेथील प्रकल्पग्रस्तांनी दीर्घ संघर्ष करून साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळविला. कर्जत-खालापूरच्या गावांपुढे विस्थापनाचे तेवढे मोठे संकट नाही. त्यांच्यापुढे आहे तो निवडीचा प्रश्न, आणि निवड करण्यासाठी अजून अवधी आहे. मिराबेलच्या शेतकऱ्यांना तो मिळाला नव्हता. घाईने विकलेली जमीन परत येत नाही. विमानमार्ग मात्र येतात आणि जातातही. म्हणून जमीन विकण्यापूर्वी किंवा घेण्यापूर्वी, आकाशातल्या आणि रुळांवरच्या वेळापत्रकांकडे दोन-चार हंगाम शांतपणे पाहण्यातच शहाणपण आहे.